फाँड्यूवर थंड पाणी प्यायलं की पोटात चीजचा गोळा होतो?

स्वित्झर्लंडला फाँड्यू (वितळलेलं चीज, त्यात ब्रेडचे तुकडे बुडवून खातात) खायला बसलात की कोणीतरी हमखास बजावणार, थंड पाणी नको हां, पोटात चीजचा दगड होईल, वाईन नाहीतर गरम काळा चहाच घ्या. आणि शेवटी किर्शचा (चेरीची कडक दारू) एक शॉट, पचायला म्हणे!

अहो पण चीज पोटात गेल्यावर तसंही ३७ डिग्रीला येणारच ना, वर पाणी प्या नाहीतर चहा, आणि पुढे ॲसिड आणि एन्झाइम्स आपलं काम करतातच. झुरिकच्या डॉक्टरांनी तर २० जणांना फाँड्यू खायला घालून वाईन किंवा चहा आणि वर किर्श किंवा पाणी प्यायल्याने पचनाचं काय होतं ते तपासलंय, २०१० मध्ये छापून आलं होतं. (असल्या प्रयोगाला मी फुकट गेलो असतो.) निघालं उलटंच, वाईन आणि किर्शने पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला, चहापाण्यावाल्यांचं लवकर झालं. त्रास मात्र वाईनवाल्यांनाही जास्त झाला नाही, म्हणजे आवडत असेल तर खुशाल प्या.

गोळा होतो तो भांड्यात. आच मोठी ठेवली की चीज आकसून गोळा होतं आणि तेल सोडतं, म्हणून तर ग्रुयेर (फाँड्यूचं स्विस चीज) वितळवताना आंबट वाईन आणि चमचाभर कॉर्नफ्लोर घालतात. वाईन नको असेल तर लिंबू पिळा.