पीएलसी व मोटर ड्राइव्ह यांच्यातील मंद संदेशवहन

पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक) आणि त्याला जोडलेले मोटर ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) यांच्यातल्या देवघेवीला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागणे, याला मंद संदेशवहन म्हणतात. पीएलसी ड्राइव्हला चालू-बंदची आज्ञा आणि वेग पाठवतो; ड्राइव्हकडून प्रत्यक्ष वेग, विद्युतप्रवाह, ट्रिपचा (दोषामुळे आपोआप बंद पडण्याचा) कोड असे आकडे परत घेतो. पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाला हा दोष असा दिसतो : स्क्रीनवर स्टार्ट दाबले की मोटर दोन-तीन सेकंदांनी हलते, वेगाचा आकडा बदलला तरी तो ड्राइव्हच्या डिस्प्लेवर उशिरा उमटतो, अँपिअरचा आकडा अडखळत बदलतो. काम थांबलेले नसते, अलार्मही येतोच असे नाही. त्यामुळे हा दोष बरेच दिवस तसाच चालवून घेतला जातो.

तक्रार आली की बहुतेक ठिकाणी आधी बॉड रेट, म्हणजे तारेवरून दर सेकंदाला जाणाऱ्या बिटांची संख्या, वाढवला जातो. त्याने थोडा फरक पडतो, पण दुखणे बहुधा तिथे नसते. तारेवरून बिट जायला लागणारा वेळ एकूण वेळेचा एक भाग असतो. उरलेला वेळ कोणीतरी कोणाची तरी वाट पाहण्यात जातो. ही वाट कोण, कुठे आणि किती पाहतो हे शोधणे म्हणजेच या दोषाचे निदान.

वेळेचा हिशेब

ड्राइव्हच्या बाबतीत सर्वाधिक भेटणारी जोडणी म्हणजे आरएस-४८५ (दोन तारांवरून संदेश नेण्याची पद्धत) तारेवरचा मॉडबस आरटीयू. मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांचे नियम, मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकच मास्टर (विचारणारा, इथे पीएलसी) असतो. तो एका वेळी एकाच स्लेव्हला (उत्तर देणाऱ्याला, इथे ड्राइव्हला) विचारतो, उत्तर आल्यावर पुढच्याकडे वळतो. विचारल्याशिवाय ड्राइव्ह काहीच बोलत नाही, ट्रिप झाला तरी नाही.

समजा वेग ९६०० बॉड आहे. स्टार्ट, पॅरिटी आणि स्टॉप बिट धरून एक बाइट ११ बिटांचा होतो, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंदांचा. दोन रजिस्टर (ड्राइव्हमधले आकडे ठेवण्याचे क्रमांकित कप्पे) वाचण्याची विचारणा ८ बाइटांची, तिचे उत्तर ९ बाइटांचे; दोन्ही मिळून साडेएकोणीस मिलिसेकंद. प्रत्येक संदेशानंतर साडेतीन बाइटांइतकी शांतता पाळावी लागते. तिचे दोन वेळचे मिळून ८. ड्राइव्हला उत्तर तयार करायला लागणारा वेळ मॉडेलनुसार बदलतो. तो १० धरू. बेरीज सुमारे ३७ मिलिसेकंद. वेग लिहिण्याच्या आज्ञेलाही जवळपास तेवढेच लागतात. म्हणजे एका ड्राइव्हमागे ७४, आणि दहा ड्राइव्हची एक फेरी पाऊण सेकंदाची. या जोडणीत काहीही बिघडलेले नसताना ही स्थिती आहे.

आता बॉड रेट चौपट, म्हणजे ३८४०० करून पाहा. बाइट चौपट वेगाने जातात, पण ड्राइव्हचे १० मिलिसेकंद तसेच राहतात, आणि १९२०० बॉडच्या वर शांततेचा काळ १.७५ मिलिसेकंदांवर स्थिर धरण्याची शिफारस मॉडबसच्या नियमावलीतच आहे. फेरी सुमारे ३६५ मिलिसेकंदांवर येते : वेग चौपट, वेळ निम्मा. ११५२०० बॉडला ती ३०० च्या आसपास अडकते. त्यापुढे वेग वाढवून फारसे हाती लागत नाही, उलट लांब केबलवर चुका वाढतात.

खरी बचत विचारणा कमी करण्यात आहे. पाच रजिस्टर पाच वेगळ्या विचारणांनी वाचणे हा फार महागडा व्यवहार आहे. ती एका ओळीत असतील तर एकाच विचारणेत मागवावीत; मध्ये दोन-चार नको असलेली रजिस्टर आली तरी परवडते, कारण ९६०० बॉडला एका जादा रजिस्टरचा खर्च २.३ मिलिसेकंद आणि वेगळ्या विचारणेचा ३० हून अधिक. एका विचारणेत १२५ रजिस्टरपर्यंत वाचता येतात. मात्र मध्ये अस्तित्वातच नसलेला पत्ता आला तर काही ड्राइव्ह सगळी विचारणा नाकारून त्रुटी कोड ०२ पाठवतात, म्हणून रजिस्टरची यादी मॅन्युअलमधून तपासून घ्यावी. अनेक ड्राइव्हमध्ये हवी ती रजिस्टर शेजारी-शेजारी आणून ठेवण्याची सोय असते. ती वापरली जात नाही हे खेदाने सांगावे लागते.

न बोलणारा ड्राइव्ह

एका लाइनवर दहा ड्राइव्ह आहेत. सातव्याचे देखभालीसाठी एमसीबी खाली केले. पीएलसीत टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) १ सेकंद आणि पुनर्प्रयत्न ३ ठेवले आहेत. मास्टर सातव्याला विचारतो, सेकंदभर थांबतो, पुन्हा विचारतो. असे चार वेळा. वाचण्याला चार सेकंद गेले, लिहिण्याला आणखी चार. बाकीचे नऊ ड्राइव्ह ठणठणीत असूनही प्रत्येक फेरीत आठ सेकंद खोळंबून राहतात. मंदपणाच्या तक्रारींत हे कारण सर्वांत आधी तपासावे, कारण त्याचा फटका सर्वांत मोठा असतो आणि दुरुस्ती सर्वांत सोपी.

टाइमआउट प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेवरून ठरवावा. उत्तर ३७ मिलिसेकंदांत येत असेल तर १०० ते १५० पुरेत. सलग काही वेळा उत्तर न देणारा ड्राइव्ह नेहमीच्या फेरीतून वगळावा आणि काही सेकंदांतून एकदाच त्याला विचारून पाहावे. तो परत आला की पुन्हा यादीत घ्यावा.

याच्याशी निगडित गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बिघडलेला संदेश मिळाला, म्हणजे सीआरसी (संदेश बरोबर पोचला का हे तपासणारा अंक) जुळला नाही, तर मॉडबस स्लेव्ह काहीही उत्तर देत नाही. त्यामुळे विचारणा बिघडवणारा तारेवरचा गोंगाट मास्टरला चूक म्हणून दिसत नाही. त्याला फक्त न आलेले उत्तर दिसते. दहापैकी एखादाच संदेश बिघडत असेल तर प्रयत्न दुसऱ्यांदा यशस्वी होतो, कोणताही दिवा लागत नाही, सगळे नुसते हळू चालते. म्हणून प्रत्येक ड्राइव्हसाठी यशस्वी आणि फसलेल्या विचारणांचे वेगवेगळे काउंटर पीएलसीत ठेवावेत. दोष एका पत्त्यावर आहे, एका टोकाला आहे की सगळीकडे, हे त्यावरून लगेच कळते.

तारा

फसलेल्या विचारणा मोटर चालू असतानाच वाढत असतील तर संशय केबलवर घ्यावा. ड्राइव्हचे आउटपुट दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. मोटरची केबल आणि संदेशाची केबल एकाच ट्रेमधून शेजारी नेली की तो गोंगाट संदेशात उतरतो. दोन्हींमध्ये अंतर ठेवावे, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, पीळ दिलेली आणि शील्ड (धातूचे कवच) असलेली केबल वापरावी, शील्ड निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे अर्थ करावी.

आरएस-४८५ ची केबल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी साखळीने जायला हवी. एका ठिकाणाहून फुटलेल्या फांद्या चालत नाहीत. साखळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांना, १२० ओहमचे टर्मिनेशन (दोन तारांमध्ये जोडलेला रोधक) लागते. हे तपासणे अगदी सोपे आहे. सगळ्या यंत्रणेचा वीजपुरवठा बंद करावा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून ए आणि बी या तारांमध्ये रोध मोजावा. ६० च्या आसपास आकडा आला तर दोन टर्मिनेशन आहेत. १२० आला तर एक गळले आहे. ३० आला तर चार ठिकाणी टर्मिनेशन चालू आहे : ड्राइव्हमधल्या छोट्या डिप स्विचने ते चालू होते आणि बदली ड्राइव्ह बसवताना तो स्विच तसाच राहून जातो. ए आणि बी ही नावे सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. नवा ड्राइव्ह मुळीच उत्तर देत नसेल तर तारा उलटून पाहणे गैर नाही.

प्रोग्राम

एका पोर्टवर एका वेळी एकच संदेश जाऊ शकतो. प्रोग्राममध्ये दोन ब्लॉक (संदेश पाठवणारे भाग) एकाच वेळी जागे झाले तर एक अडतो किंवा त्रुटी देतो, आणि फेरी विस्कळीत होते. आधीचे काम पूर्ण झाल्याचा किंवा फसल्याचा बिट आल्यावरच पुढचा ब्लॉक सुरू करावा. घड्याळाच्या टिकटिकीवर, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी नवी विचारणा सोडणारे प्रोग्राम भेटतात. ३७ मिलिसेकंदांच्या कामाला तिथे १०० लागतात. स्कॅन टाइमही (पीएलसीला सगळा प्रोग्राम एकदा चालवायला लागणारा वेळ) मोजावा. तो ३० मिलिसेकंदांचा असेल तर उत्तर येऊनही पुढच्या विचारणेला तितका उशीर होऊ शकतो.

वेगाची आज्ञा फक्त आकडा बदलल्यावरच लिहिली तर फेरी जवळपास निम्मी होते. ड्राइव्हचे पॅरामीटर सतत लिहिण्यात आणखी एक धोका आहे : काही ड्राइव्ह प्रत्येक लिखाण कायमच्या स्मृतीत साठवतात आणि त्या स्मृतीला मोजकीच लिखाणे सोसतात. अशा वेळी तात्पुरत्या स्मृतीत लिहिणारा पर्याय निवडावा.

केबल उकलण्यापूर्वी ड्राइव्हचा रॅम्प (वेग हळूहळू चढवण्याचा काळ) एकदा पाहून घ्यावा. अॅक्सिलरेशन १० सेकंदांचे असेल तर आज्ञा क्षणात पोचूनही मोटर सावकाशच चढेल. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर अपेक्षित वेग लगेच बदलतो आणि प्रत्यक्ष वेग मागून येतो, असे दिसले तर संदेशवहन निर्दोष आहे.

ईथरनेट

मॉडबस टीसीपी, प्रोफिनेट, ईथरनेट-आयपी यांवर आकडे मिलिसेकंदांत येतात, पण मधला गेटवे (ईथरनेट आणि आरएस-४८५ यांना जोडणारे उपकरण) पाहायला विसरू नये. पीएलसी, एचएमआय (पॅनेलवरचा स्क्रीन) आणि स्काडा (संगणकावरची देखरेख यंत्रणा) तिघेही एकाच गेटवेतून मागच्या आरएस-४८५ लाइनवर विचारत असतील तर विचारणांची रांग तिथे लागते आणि पुढचे जलद जाळे निरुपयोगी ठरते. एकट्या पीएलसीने वाचावे, इतरांनी पीएलसीकडून घ्यावे. चक्रीय (ठरलेल्या काळाने आपोआप आकडे पाठवणाऱ्या) ईथरनेट जोडणीत अद्ययावतीचा काळ गरजेपेक्षा लहान ठेवल्यास ड्राइव्हच्या कार्डावर ताण येऊन जोडण्या तुटतात.

फेरीचा काळ ठरला की ड्राइव्हमधला संदेशवहन खंडित झाले असे मानण्याचा काळ त्याच्याशी जुळवून घ्यावा. फेरी ७४० मिलिसेकंदांची आणि ड्राइव्हमधली मर्यादा अर्ध्या सेकंदाची असेल तर सगळे नीट असतानाही ड्राइव्ह ट्रिप होत राहतील. आणीबाणीची स्टॉप आज्ञा मात्र या फेरीवर सोपवू नये. ती स्वतंत्र तारेने ड्राइव्हच्या सेफ टॉर्क ऑफ (मोटरचे बळ सुरक्षितपणे तोडणाऱ्या) टर्मिनलवर किंवा काँटॅक्टरवर (वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) न्यावी.