जहाल औषध बंद केलं की पीक बुडतं?

"मोनो बंद झालं तर कापूस घरात यायचा नाही." मोनो म्हणजे मोनोक्रोटोफॉस, पिकावर फवारायचं अतिजहाल कीटकनाशक. परभणी-जालन्याकडं कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही.

श्रीलंकेनं १९९५ साली मोनोक्रोटोफॉससारखी अतिजहाल कीटकनाशकं बंद केली, १९९८ मध्ये एन्डोसल्फानही. भाताचं उत्पादन घटलं नाही. आत्महत्यांचं प्रमाण मात्र पुढच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. काहीजण २०२१ मध्ये तिथलं पीक घटल्याचा दाखला देतात. पण तेव्हा तिथं रासायनिक खतांसकट सगळंच एका झटक्यात थांबवलं होतं. ती गोष्ट वेगळी.

"मरणारा दुसरी वाट शोधतोच," हेही चूक. कर्जाच्या, भांडणाच्या त्या एका घटकेत जहाल विष हाताशी नसलं, तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढं जगतात. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

शिवाय फवारणीत विषबाधा झाली की दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्याच डोक्यावर बसते. औषधाच्या किमतीत ती कुणी धरत नाही.

मग बोंडअळीचं काय? फरदड (वेचणी संपल्यावर तीच झाडं राखून घेतलेलं पुढचं पीक) घेऊ नका, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे) वेळेत लावा, सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.