जुन्या मोटरबोटींच्या बुचांची तपासणी

मोटरबोट पाण्यात उतरवण्यापूर्वी तिच्या बुडाशी असलेली निचऱ्याची छिद्रे, त्यांची बुचे (ड्रेन प्लग) आणि बुचे ज्यात बसतात त्या बैठका पाहून घेण्याची रीत. फायबरग्लासच्या, ट्रेलरवरून ने-आण होणाऱ्या लहान बोटींना ती विशेष लागू पडते. उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर अशा बोटी फार आहेत आणि त्यांतल्या कित्येक १९६० ते १९८० या दशकांत बांधलेल्या आहेत.

मुख्य छिद्र बहुधा ट्रान्सममध्ये, म्हणजे पिछाडीच्या सपाट भिंतीत, अगदी तळाशी असते. बोट जमिनीवर असताना ते उघडे ठेवणेच योग्य. नाहीतर पावसाचे पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाच्या पोकळीत, साचते, वजन वाढते, लाकूड कुजते. अमेरिकेत याला कायद्याचीही जोड मिळाली आहे. १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले (बाहेरून आलेली उपद्रवी जात) सापडले आणि पुढे बोटींतल्या साचलेल्या पाण्यातून ते इतर जलाशयांत पसरू लागले. त्यामुळे मिनेसोटासारख्या राज्यांत रस्त्यावरून बोट नेताना बुचे काढलेली असणे बंधनकारक आहे. म्हणजे बूच दर फेरीला निघते आणि दर फेरीला आठवणीने लावावे लागते. विसर पडण्याचे मूळ इथेच आहे, त्याला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

विसरले तर काय होते, हे आकड्यांत पाहणे बरे. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंमी. असलेल्या २५ मिमी. व्यासाच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ४० लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ अडीच हजार लिटर पाणी आत येते. लहान बोटींत सर्रास दिसणारा ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप कागदावरच सुमारे १,९०० लिटर उपसतो. जुनी बॅटरी आणि वाकड्यातिकड्या नळीमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. पंप आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय वेगात चाललेल्या बोटीच्या पिछाडीमागे दाब कमी होतो आणि उघड्या छिद्रातून पाणी उलट बाहेर ओढले जाते. बोट कोरडी वाटते, आणि वेग कमी केला की भरू लागते.

जुन्या बोटीत बूच लावले आहे एवढे पाहून भागत नाही. ट्रान्समच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि त्यातून पितळेची पातळ नळी आरपार गेलेली असते. ही नळी गंजली, तिची कड फाटली, की बूच घट्ट असूनही पाणी लाकडात मुरते. पितळातले जस्त निघून गेले की धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. तसा रंग दिसला तर नळी बदलावीच. छिद्राभोवती हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहतात. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर प्लायवूड कुजले असण्याचा संभव असतो. जवळचा एखादा स्क्रू काढल्यावर ओला, काळपट भुसा निघाला तर शंका उरत नाही. अशा वेळी नवे बूच घेऊन काहीच साधत नाही.

आट्यांचे बूच आधी हातानेच फिरवावे. पहिल्याच फेऱ्याला अडले तर आटे तिरके बसत आहेत. पाना लावून जोर केला तर बैठकीचेच आटे जातात. ॲल्युमिनियमच्या बोटीत पितळी बूच असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजते, तेव्हा तिथे बैठक नीट पाहावी. रबर फुगवून बसणाऱ्या खटक्याच्या बुचात रबर कडक झाले आहे का, भेगा आहेत का, हे बोटाने दाबून कळते. खटका लावल्यावर बूच ओढून पाहावे. ते हलले तर निकामी समजावे.

यावर सर्वांत खात्रीची चाचणी साधी आहे. ट्रेलरवर असतानाच बूच लावून छिद्र बुडेल इतके पाणी बिल्जमध्ये ओतावे आणि बाहेरून पाहावे. जिथून ठिबकेल तिथूनच पुढे पाणी आत येईल.

बोटीच्या आत इंजिन असेल तर आणखी एक जागा आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी इंजिनाच्या ब्लॉकमधले आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधले (धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातले) पाणी तिथली बुचे उघडून काढतात, कारण गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि ओतीव लोखंड तडकते. ती बुचे वसंतात परत लावायची राहिली, तर बाहेरचे पाणी थेट इंजिनातून फिरवणाऱ्या बोटीत इंजिन सुरू होताच इंजिनाचा पंप ते पाणी बिल्जमध्ये ओततो. धक्क्याला उभी असताना अशी बोट निर्दोष दिसते. म्हणून उतरवल्यावर ट्रेलरचा पट्टा न सोडता इंजिन काही मिनिटे चालवून बिल्जमध्ये डोकवावे.

१९७१ च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टनंतर अमेरिकेत लहान बोटींच्या तरंगक्षमतेचे नियम आले. त्याआधीची बोट पाण्याने भरल्यावर तरंगत राहीलच असे नाही. नंतरच्या बोटींतही तरंगण्यासाठी भरलेला जुना फोम पाणी पिऊन जड झालेला असू शकतो. भरलेली बोट ट्रेलरवर घेतली तरी एकदम ओढू नये. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. पिछाडी पाण्याबाहेर येताच थांबून, उघड्या छिद्रातून पाणी वाहून जाऊ द्यावे, मग उतार चढावा.