विद्यार्थी-प्राध्यापक गुणोत्तर (बेळगाव सीमाभागातील महाविद्यालये)

महाविद्यालयातील विद्यार्थिसंख्येला प्राध्यापकसंख्येने भागले की हे गुणोत्तर मिळते. भागाकार सोपा आहे. प्राध्यापक म्हणून कोणाला मोजायचे, हे ठरवणे अवघड आहे. समजा, १,२०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ६० जण शिकवतात. गुणोत्तर १:२० येते, म्हणजे एका प्राध्यापकामागे वीस विद्यार्थी. त्यांतील २४ जण अतिथी किंवा अर्धवेळ असतील, तर पूर्णवेळ ३६ उरतात आणि तेच गुणोत्तर १:३३ होते. वर्ग, बाके, विद्यार्थी सारे तेच असते.

निकष एकच नाही. अभियांत्रिकीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये १:१५ ऐवजी १:२० मान्य केले. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांना तेच लागू झाले. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण तेथे १:२:६ अपेक्षित असते. शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत एका प्राध्यापकामागे पन्नासहून अधिक विद्यार्थी असले, तर या निकषाला शून्य मिळते. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात पूर्णवेळ शिक्षकच धरले जातात.

कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत अध्यापकवर्गाचे थर असतात. अनुदानित पदावरील कायम प्राध्यापकांचा पगार सरकार देते, ‘मॅनेजमेंट’च्या प्राध्यापकांना संस्था आपल्या तिजोरीतून देते, सरकारी पदवी महाविद्यालयांत अतिथी व्याख्याते, म्हणजे सर्वांच्या तोंडी ‘गेस्ट’, मानधनावर येतात. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. निवृत्तीने रिकामी झालेली पदे भरली गेली नाहीत की ही मर्यादा कागदावरच राहते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सत्रारंभी तयार होणाऱ्या ‘वर्कलोड’च्या तक्त्यात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित असते. आधी कायम प्राध्यापकांचे तास भरतात, उरलेले अतिथींच्या वाट्याला येतात. मराठीसारख्या विषयाची कोंडी इथेच होते. बी.ए.च्या तीन वर्षांत मिळून भाषेचे १२ तास भरत असतील, तर पूर्ण पद उभे राहत नाही. वर्गात पाच-सात मुले असल्याने विषयाचे गुणोत्तर मात्र कागदावर फार चांगले दिसते. त्याच इमारतीत वाणिज्यच्या एका तुकडीत ऐंशी मुले बसलेली असू शकतात. म्हणून महाविद्यालयाची सरासरी पाहून मराठीची स्थिती ठरवणे अन्यायाचे आहे. विषयवार आणि पदवार आकडे मागायलाच हवेत.

सीमेमुळे यात आणखी एक पेच पडतो. राज्याची ‘सेट’ ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार त्याच राज्यात पात्र ठरतो (२००२ पासूनचा नियम). ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा देशभर चालते. महाराष्ट्राची सेट मराठी विषयात उत्तीर्ण झालेला खानापूरचा तरुण त्या पात्रतेवर चंदगडच्या महाविद्यालयात अर्ज करू शकतो, स्वतःच्या तालुक्यात नाही. मराठीचे शिक्षक मुळातच मोजके असलेल्या भागात ही अट जाचक ठरते.

निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी शहरातील पदवी महाविद्यालये २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे एकाच गावातली दोन भावंडे दोन राज्यांच्या पदभरतीच्या नियमांखाली शिकू शकतात. सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात ‘गेस्ट’ असतात, पलीकडे महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे ‘सीएचबी’. दोघांच्याही नेमणुका तासांवर बेतलेल्या असतात आणि दोघांनाही पुढच्या वर्षी पुन्हा आदेशाची वाट पाहावी लागते. पहिल्या वर्षाला शिकवणारा शिक्षक तिसऱ्या वर्षाला भेटेलच असे नसते, आणि ही गोष्ट कोणत्याही गुणोत्तरात मोजली जात नाही.