मेंदूचा पेसमेकर आणि बिनटाक्याचं ऑपरेशन

हाताची थरथर गोळ्यांना दाद देईनाशी झाली की डॉक्टरांकडून दोन नावं कानावर पडतात: डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार बसवून विजेचे बारीक ठोके देणं) आणि फोकस्ड अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी एकवटून मेंदूतला एक ठिपका जाळणं). घरी पोचेपर्यंत त्यांची सरमिसळ होते. 'एकात कवटीला भोक पाडतात, दुसऱ्यात साधा टाकाही नाही, मग दुसरंच करू', असा हिशोब नातेवाईक मांडतात. माझ्या मते गफलत इथेच होते. भोक पाडून केलेलं बरंचसं मागे घेता येतं; बिनटाक्याचं मात्र कायमचं असतं.

डीबीएसमध्ये जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत खोलवर नेतात, कंपवात (पार्किन्सन्स) असेल तर बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या हालचालींशी संबंधित छोट्या केंद्रापर्यंत. पेशंट बऱ्याचदा जागा असतो; मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, वरची कातडी बधिर केली की भागतं. डॉक्टर त्याचं मनगट हलवून ताठरपणा किती सैल पडला ते बघतात, त्याला बोलतं ठेवतात. जीभ जड झाली किंवा चेहरा ओढला गेला, तर तारेची जागा बदलायची. मग कानामागून, मानेच्या कातडीखालून वायर आणून कॉलरबोनच्या खाली बॅटरीला जोडतात.

ऑपरेशननंतर लगेच हात शांत दिसला तरी पेढे वाटायची घाई नको. तो तार घुसताना झालेल्या सुजेचा परिणाम असू शकतो, आणि तो ओसरतो. मशीन बहुधा काही आठवड्यांनी सुरू करतात. सेकंदाला विजेचे साधारण १३० ठोके, करंट किती, कुठल्या टोकातून, हे सगळं जुळवण्यात पुढचे काही महिने जातात. त्रास झाला तर करंट कमी करता येतो, मशीन बंदही करता येतं. पण रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतोच, साधी (चार्ज न होणारी) बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि फिजिओथेरपीतला डायथर्मीचा (लहरींनी अंगात खोलवर उष्णता देणारा) शेक जन्मभर वर्ज्य.

फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये डोक्याचा तुळतुळीत गोटा करतात, फ्रेम घट्ट बसवून पेशंटला एमआरआयमध्ये सरकवतात. डोक्याभोवती थंड पाणी खेळवलेलं असतं. हजारावर स्रोतांतून निघालेल्या ध्वनिलहरी थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागातल्या एका बिंदूवर एकवटतात. आधी थोडं तापवून अंदाज घेतात: कागदावर गोल गोल चकली काढायला सांगतात. रेघ सुधारली आणि ओठ-बोटं बधिर झाली नाहीत, की तापमान ५५-६० अंशांपर्यंत चढवून तेवढा ठिपका जाळून टाकतात. निकाल टेबलावरच दिसतो, शरीरात काही राहत नाही. मात्र चालताना तोल जाणं किंवा बधिरपणा मागे उरला, तर फिरवायला बटण नाही. म्हणून सहसा एकाच बाजूला करतात. दुसरी बाजू करायचीच तर मध्ये काही महिने जाऊ देतात. कवटीच्या हाडाची ठेवण अनुकूल नसली, तर लहरी पुरेशा आत पोचतच नाहीत.

गंमत म्हणजे 'नवं' वाटणारं हे जाळणं डीबीएसपेक्षा जुनं आहे. नवीन आहे ती फक्त न कापता जाळण्याची सोय. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद हे न्यूरोसर्जन असाच ठिपका जाळण्याआधी जागा तपासायला करंट देत होते. ठोक्यांचा वेग वाढवताच थरथर थांबली. मग जाळायचंच कशाला, या विचारातून आजचं डीबीएस उभं राहिलं.

कंपवात नाही, नुसता इसेन्शियल ट्रेमर (कंपवाताहून वेगळा, मुख्यतः हातांच्या थरथरीचा आजार) आहे, एका हाताने चहाचा कप धरवत नाही आणि वय झालंय, अशांना मी अल्ट्रासाउंडबद्दल जरूर विचारायला सांगेन. कंपवात दोन्ही अंगांना असेल, गोळीचा असर मध्येच उतरत असेल किंवा गोळीनेच अंग वेडंवाकडं हलत असेल, तर पारडं डीबीएसकडे झुकतं. मूळ आजार दोन्हींनी थांबत नाही.

डीबीएसचा एक ठोकताळा आहे: थरथर सोडली, तर लिव्होडोपाच्या (कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या) गोळीने जे सुधारतं साधारण तेच यानेही सुधारतं. म्हणून आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी पेशंटला चालायला लावतात, मग गोळी देऊन पुन्हा. या दोन चालींत फरकच नसेल, तर चांगला सर्जन सहसा ऑपरेशनला नाहीच म्हणतो.