व्हिटवर्थचे आटे: मागची गोष्ट

जुन्या ब्रिटिश पान्यावर ‘१/२ डब्ल्यू’ कोरलेलं असतं; डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. तोंड मोजलं तर ०.९२ इंच भरतं. अर्धा इंच ही बोल्टच्या दांड्याची जाडी, डोक्याची नव्हे. पुढे बारीक आट्यांचे बोल्ट आले, त्यांची डोकी एक माप लहान ठेवली गेली. म्हणून त्याच पान्यावर ‘९/१६ बीएस’ (बीएस म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड) असंही लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी जाड आट्यांच्या बोल्टचीही डोकी एका मापाने लहान केली. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या बोल्टला कधी १/२चा, तर कधी ७/१६चा पाना लागतो. या घोळाचं खापर या आट्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थवर फोडतात, ते चुकीचं आहे. हा घोळ नंतरच्यांचा.

स्टॉकपोर्टला १८०३ साली जन्मलेल्या या माणसाने लंडनच्या कारखान्यांत हात बसवला आणि १८३३ला मँचेस्टरमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. तीन लोखंडी पाट एकमेकांवर तपासत आणि खरवडत अगदी सपाट करायची पद्धत त्याने रुळवली. नंतर इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारं मोजमापयंत्रही केलं.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे नमुने गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये ती मांडली: आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचामागे १२ आटे. ‘५५ कशाला, सरळ ६० का नाही?’ ही टीका आजही ऐकू येते. १८६४मध्ये अमेरिकेत ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला गेला. तो पाडायला आणि तपासायला सोपा होता, हे मान्य. पण कुणालाच फार बदलावं लागू नये असा मधला आकडा व्हिटवर्थने निवडला, म्हणूनच एकमेकांचे स्पर्धक असलेले कारखाने तयार झाले. शिवाय गोलसर तळाशी तडा सहजी जात नाही.

महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून ६० अंश स्वीकारले. पाव इंचाला दोन्हीकडे २०च आटे, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२, अमेरिकेचे १३. नट काही वेढे फिरतो आणि जाम होतो. तिथे पान्याने जोर लावला की आटे मेलेच.