नाकाता वेगळा, नाकामुरा वेगळा

जपानी फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'अरे तो, नाका... काहीतरी, फ्री किकवाला!' फ्री किकवाला म्हणजे शुन्सुके नाकामुरा. केस रंगवून इटली गाजवणारा तो हिदेतोशी नाकाता. 'नाका' म्हणजे मधला, 'ता' म्हणजे भातखाचर आणि 'मुरा' म्हणजे गाव. एकाचं आडनाव शेतावरून, दुसऱ्याचं गावावरून. त्यात दोघेही मिडफिल्डर, दोघेही इटलीत खेळलेले. कहर म्हणजे ग्लासगोत सेल्टिकचे चाहते नाकामुराला लाडाने नुसतं 'नाका' म्हणायचे. मग गोंधळ होणार नाही तर काय?

ओळख पटवायची एक गंमतशीर खूण आहे: एडविन व्हॅन डर सार. दोघांच्याही सगळ्यात गाजलेल्या गोलच्या वेळी समोर हाच डच गोलकीपर होता.

६ मे २००१, तुरिन. इटालियन लीगमध्ये नाकाताचा क्लब रोमा युव्हेंटसविरुद्ध ०-२ ने मागे. प्रशिक्षक कापेल्लोंनी चक्क तोत्तीला, म्हणजे रोमाच्या गळ्यातल्या ताईताला, बाहेर काढून नाकाताला उतरवलं. त्याने लांबून सणसणीत गोल ठोकला. शेवटी शेवटी त्याचा आणखी एक फटका व्हॅन डर सारच्या हातून सुटला आणि मोंतेल्लाने तो आत ढकलला. २-२. त्या मोसमात रोमाने विजेतेपद मिळवलं ते युव्हेंटसपेक्षा दोनच गुण जास्त मिळवून.

नाकामुराचा गोल २१ नोव्हेंबर २००६चा. व्हॅन डर सार आता मँचेस्टर युनायटेडकडे. डाव्या पायाची फ्री किक आडव्या उभ्या असलेल्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळून वरच्या कोपऱ्यात गेली, सेल्टिक १-० ने जिंकलं आणि पहिल्यांदाच युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोचलं. सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरही त्याने याच गोलकीपरला फ्री किकवरच चकवलं होतं.

लोकप्रियतेची जातही वेगळी. नाकाता हा २००२च्या घरच्या वर्ल्ड कपचा चेहरा. नाकामुराला तर त्या संघात जागाच मिळाली नाही. ज्यांनी आयुष्यात एक सामना पाहिला नसेल, त्यांनाही नाकाता फॅशनमुळे आणि आता साके या तांदळाच्या दारूच्या प्रसारामुळे ठाऊक असतो. नाकामुराचं नाव काढल्यावर डोळे चमकतात ते फक्त फुटबॉलवेड्यांचे. मला विचाराल तर दुसरी लोकप्रियता जास्त टिकाऊ, पण मी पडलो डावखुऱ्यांचा भक्त.

२००६च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलने जपानला ४-१ ने हरवलं. सामना संपल्यावर नाकाता डॉर्टमुंडच्या मैदानाच्या मधोमध आडवा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही. काही दिवसांत, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच सामन्यात १० नंबर घालून नाकामुराही खेळला होता. तो थांबला २०२२मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी.